हळद असते हो!

वर एकांनी लिहिलंय की ख्रिस्ती लग्नात हळद नसते. आमच्या मिरजेत तरी असते, आणि चांगली दणक्यात! आधी पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) प्रार्थना करतात, मग वाटी फिरते. धाकट्या बहिणीच्या वेळी आत्याने कानामागेसुद्धा चोळली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साडीच्या काठाला पिवळा डाग. तो झाकायला पदर कसा घ्यायचा यावर अर्धा तास खलबत! चर्चमध्ये अंगठी असतेच, पण मंगळसूत्रही घातलं जातं. बहिणीच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांमध्ये छोटा क्रूस आहे.

बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी) तान्हेपणीच होतो, हेही सरसकट खरं नाही. १९७० साली सहा ख्रिस्ती मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, त्यात जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते, म्हणून तिथे दोन्ही पद्धती चालतात. बाळाचा झाला असेल तर पुढे दृढीकरण: मूल जाणतं झालं की स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावं म्हणून. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १८९५ चा, म्हणजे तिशी उलटल्यावरचा.

मातीचं, म्हणजे दफनाचं, विचाराल तर शेवटी प्रत्येकजण मूठभर माती टाकतो. आजोबांच्या वेळी शेजारचे मुस्लिम चाचाही रांगेत होते. संध्याकाळचं पिठलं-भाकरी त्यांच्याच घरून आलं.