फड, गट की ब्लॉक?

मसुदेकार: धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांचा एक इंग्रजी अहवाल मराठीत आणायचा आहे. बंधाऱ्याच्या पाण्यावर एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्याला मुळात सगळीकडे 'ब्लॉक' आहे. तिथे 'फड' घातलं, तर तपासणाऱ्यांनी खोडून 'गट' केलं. फड म्हटलं की पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला तमाशा आठवतो, नाहीतर ऊसतोड, असं त्यांचं म्हणणं. काय ठेवावं?

तापीकाठ: गट अजिबात नको. गट म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर. फड लहान असला तर १० हेक्टरांचा, मोठा असला तर २०० चा, सरासरी शंभर-सव्वाशे. त्यात गट नंबर किती बसतील मोजा! 'या गटातील गट क्र. ४१' असं छापणार का?

शुद्धमराठी: ब्लॉक तर नकोच. 'सिंचनखंड' करा. अर्थ स्वच्छ, शब्द आपला.

तापीकाठ: बांधावर विचारतात, 'आज कोन्ता फडले पानी शे?' सिंचनखंडले कोणी विचारत नाही.

बांधावरून: अहवालाच्या वाचकाला फड कळायला हवा असेल तर शब्दाआधी रचना सांगा. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट २ ते १२ किलोमीटरचा, पाटाच्या चाऱ्या, चारीतून शेतात जाणारे सारंग आणि जास्तीचं पाणी काढून द्यायला सांडम. बंधाऱ्याखालचं क्षेत्र बहुधा तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक. एकदोन फड उसाचे, बाकी हंगामी पिकांचे, आणि कोणता फड कशाला द्यायचा ते गाव दरवर्षी ठरवतं.

यातली मेख अशी की शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते. नदीला पाणी कमी असलं की अख्खा एक फड पडीक ठेवतात. तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो, एकट्या शेवटच्याची शेती वाळत नाही. एकाच पिकाची सक्तीही हौसेची नाही. उन्हाळ्यात उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं, हरभऱ्याला सगळ्या हंगामात दोन-तीन पाण्यांत भागतं. हरभऱ्याच्या फडात एकाने ऊस लावला तर चारी सतत वाहती ठेवावी लागते, पाझर शेजारच्या वावरात उतरतो, हरभरा नुसता पाल्याला माजतो किंवा मर लागून बसतो. 'गट' किंवा 'खंड' म्हटलं की यातलं काहीच येत नाही, फक्त जमिनीचा तुकडा दिसतो.

जुना ओव्हरसियर: सगळं पटलं, पण ब्लॉकला परका म्हणून हाकलू नका. दख्खनच्या कालव्यांवर इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी आणलेली 'ब्लॉक पद्धत' पाटबंधाऱ्याच्या कागदांत शंभर वर्षांवर नांदते आहे. नीरा कालव्यावरचा शेतकरी ब्लॉकच म्हणतो. शब्द रुळला की आपला.

तापीकाठ: आणि ती पद्धत त्यांना सुचली कुठे? १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, सुरुवातीलाच खानदेशात पांझरेच्या पाटासाठी नळाचा सायफन बांधला. फड डोळ्यांसमोर होते. ब्लॉक हे फडाचंच भाषांतर, तुम्ही ते परत मराठीत आणताय एवढंच.

जुना ओव्हरसियर: आधी इथे होते आणि नंतर ते केलं, एवढ्यावरून उचल सिद्ध होत नाही. ब्लॉकमध्ये पाणी सरकार मंजूर करतं, तेही काही वर्षांच्या कराराने. फडात गाव ठरवतं. पाटकरी, बारेकरी, जागल्या, हवालदार ही पाणी सोडणारी-राखणारी माणसं गावचीच. एवढा फरक असताना दोन्हींना एकच शब्द कसा?

बांधावरून: म्हणजे तुमच्याच म्हणण्याने इथे 'ब्लॉक' चूक ठरतो.

शुद्धमराठी: फड तरी मराठी आहे का? फडणीस हा 'फर्दनवीस', फर्द म्हणजे फारसीत कागदाचा ताव, यादी.

मोडीवाचक: फडणीसाचं मूळ फर्द असेल, फडाचं नव्हे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात 'फड' नावाचं स्वतंत्र खातं होतं आणि ते फडणीसाकडे असे, म्हणून दोन्हींची गल्लत होते. मोल्सवर्थ आपल्या मराठी-इंग्रजी कोशात फडाखाली कचेरी, बाजार, जुगाराचा अड्डा असं सगळं एकत्र देतो: माणसं जमून कारभार चालतो ती जागा. कुस्तीचा, तमाशाचा, वारकऱ्यांचा फड त्यातच बसतो.

तापीकाठ: पाण्याचाही.

शुद्धमराठी: पाण्याच्या फडात माणसं नाही, पीक जमतं. अर्थ ओढूनताणून बसवताय.

मसुदेकार: पहिल्या उल्लेखाला 'फड (एकाच पिकाचं, एकत्र भिजणारं शिवार)' असं लिहून पुढे नुसतं फड ठेवू का?

नीराकाठ: ते ठेवा हो काहीही. मला वर 'बारेकरी' अडला. शेताला पाणी द्यायला आमच्याकडे रात्री दारं धरतात, तुमच्याकडे बारं देतात. हे बारे म्हणजे बारी, पाळी? की दाऱ्याचंच बारं झालं?

तापीकाठ: बारीच. पाण्याची पाळी.

मोडीवाचक: इतकं सोपं नाही. द्वार या एकाच शब्दाचं मराठीत दार होतं, हिंदी-गुजरातीत बार, बारी, बारणुं. खानदेशाला गुजरातीचा शेजार आहे, तेव्हा वाफ्याचं तोंड फोडणं हेही 'बारं' असू शकतं.