मदत हवी आहे: लिबरेटर बॉम्बरच्या १:७२ मॉडेलमध्ये नाकाचे वजन कुठे बसवावे?

नमस्कार मंडळी,

मी परभणीचा. गेल्या दिवाळीपासून दुसऱ्या महायुद्धातील बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानाचे प्लास्टिकचे मॉडेल जोडतो आहे. धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे, कारण एकदा ते चिकटले की आत हात घालता येणार नाही.

हेच विमान का, ते आधी सांगतो. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाने लेंड-लीज करारामुळे (अमेरिकेने युद्धापुरती उसनी दिलेली सामग्री परत करायची किंवा निकामी करायची, असा करार) आपली लिबरेटर विमाने कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली बरीच पुन्हा उडती केली आणि १९४८ पासून १९६८ पर्यंत ती भारतीय हवाई दलात राहिली. माझे धाकटे चुलते साठच्या दशकात पुण्याला याच विमानांवर फिटर होते. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. मॉडेल काकूंच्या बैठकीत ठेवायचे आहे, म्हणून ते भारतीय खुणांसह, उघड्या अॅल्युमिनियमच्या रंगात आणि स्वतःच्या तीन चाकांवर नीट उभे राहिलेले हवे.

अडचण इथेच आहे. लिबरेटरला पुढे नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन मोठी चाके असतात, आणि या दोन चाकांच्या मागे शेपटीकडचे धड इतके लांब आहे की आत वजन नसेल तर मॉडेल सरळ शेपटीवर बसते. काका सांगत की खऱ्या विमानातही मागच्या भागात माणसे जास्त झाली की शेपटीखाली टेकू लावावा लागे. मी सगळे भाग टेपने बांधले, पंखांखालच्या चाकांच्या रेषेत पेन्सिल आडवी ठेवली आणि नाकावर नाणी रचत गेलो. मॉडेल पुढे कलले तेव्हा ती नाणी सोनाराच्या काट्यावर मोजून घेतली. वजन अगदी पुढे ठेवले तर ४० ग्रॅम पुरते, पण वैमानिकांच्या आसनांमागे ठेवले तर ६४ ग्रॅम लागते. शेपटीकडच्या बंदुका आणि रंग यांचे वजन अजून यात धरलेले नाही.

पुढचे टोक मात्र काचेचे आहे. तिथे बंदुकीचा टरेट (फिरता मनोरा) आणि बॉम्ब टाकणाऱ्याच्या खिडक्या आहेत, त्यांतून आतले शिसे लगेच दिसते. पुढच्या चाकाच्या कप्प्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा मिळते, पण मोजून पाहिले तर तिथे जेमतेम २५ ग्रॅम मावते. बाकीचे चार इंजिनांच्या पोटात भरावे असे वाटते, कारण ती चाकांच्या पुढे आहेत आणि बाहेरून काही दिसणार नाही. पण हे अंतर फक्त साडेतीन सेंटीमीटर आहे, म्हणजे तिथे वजन जवळजवळ दुप्पट घालावे लागेल, आणि तो सगळा भार काडीएवढ्या प्लास्टिकच्या पायांवर येईल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेत हे पाय हळूहळू फाकतील का, ही माझी खरी काळजी आहे. पायांच्या आतून पितळी तार घालावी, की धातूचे तयार पाय मागवावेत? कोणी केले असेल तर तार किती जाडीची वापरली, तेही कृपया लिहावे.

शिसे गंगाखेडहून आणले आहे, गोदावरीवरचे भोई जाळ्याच्या कडेला लावतात तेच. पांढऱ्या गोंदात बसवले तर काही वर्षांत शिसे फुगून प्लास्टिकला तडे देते, म्हणून इपॉक्सीच वापरणार आहे.

दुसरा प्रश्न रंगाचा. अॅल्युमिनियमच्या रंगाखाली चकचकीत काळा थर हवा, पण दुपारच्या कोरड्या हवेत एअरब्रशमधून निघालेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळतो आणि हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. पहाटे पाचला मारून पाहिला, बराच बरा बसला. तरीही रंगात वाळणे लांबवणारे द्रव्य घालावे का, की पावसाळा लागेपर्यंत थांबावे?

धडाचे दोन्ही अर्धे सध्या टेपनेच बांधून ठेवले आहेत.