स्टीलच्या वाटीत दाढीचा फेस उठत नाही

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): आजोबांचा दुधारी पात्याचा रेझर मिळालाय. ब्रश आहे, वाडगा-स्टँडला पैसे नाहीत. स्टीलच्या वाटीत नुसतं साबणपाणी होतंय. घरातलं काय चालेल?

उत्तर: भावा, वाटी गुळगुळीत हाय म्हणून. दह्याचं मातीचं गाडगं घे. आतनं खरबरीत असतंय, फेस घट्ट येतो. आधी चांगलं भिजव, नाहीतर साबणातलं पाणी मातीच पिते. ब्रश झटकून जास्तीचं पाणी काढ. झाल्यावर धुऊन, केस खाली करून कपड्याच्या चिमट्यानं दोरीला टांग. माझा तीन वर्षं असाच टिकलाय.

उत्तर: तुरटीचा खडा ठेवा. ओल्या गालावर फिरवला की बारीक कापल्याचं रक्त थांबतं.

प्रश्नकर्ता: गाडगं भिजवलं. आज फेस अक्षरशः उभा राहिला, दादा!