अनुभव धागा: उभी गाडी आणि डॅशकॅम

डॅशकॅम म्हणजे गाडीच्या काचेवर लावलेला कॅमेरा. चालत्या गाडीतल्या डॅशकॅमवर भरपूर लिहून झालंय. हा धागा फक्त उभ्या गाडीसाठी. दारावर चावीने ओढलेला चरा, मुरगळलेला वायपर, तोडलेला आरसा, ठोकून पळून गेलेला कुणी. असं काही घडलं असेल आणि तेव्हा गाडीत कॅमेरा असेल, तर त्यात नेमकं काय आलं आणि काय सुटलं ते लिहा. कोणतं मॉडेल भारी हा वाद इथे नको. ज्यांच्या हाती काहीच लागलं नाही त्यांनी तर आवर्जून लिहा, जाहिरातींत ते कधी येत नाही.

सुरुवात मीच करते. माझ्याकडे पुढे एक आणि मागे एक असे कॅमेरे आहेत. गाडीला धक्का बसला की आतला जी-सेन्सर ती क्लिप वेगळ्या फोल्डरमध्ये लॉक करतो, म्हणजे पुढचं रेकॉर्डिंग तिच्यावर चढत नाही. रिव्हर्स घेताना एका व्हॅनने बंपर चेपला, तो प्रसंग असा मिळाला. चालक उतरला, बंपरवरून हात फिरवला, आजूबाजूला पाहिलं आणि निघून गेला. नंबर स्वच्छ दिसत होता, त्यामुळे विम्याचं काम झटपट झालं. नंतर दारावर हातभर लांब चरा पडला, तो मात्र एकाही क्लिपमध्ये नाही. चावीने रेघ ओढताना गाडी जेमतेमही हलत नाही, मग सेन्सरला कळणार कसं?

रानवारा

म्हणूनच मी मोशन डिटेक्शन चालू केलं होतं, म्हणजे समोर काही हललं की रेकॉर्डिंग. गाडी झाडाखाली असते. फांदी हलली की क्लिप, हेडलाइटचा झोत पडला की क्लिप, पाऊस आला की नुसत्या क्लिपाच क्लिपा. कार्ड भरायचं आणि जुनं पुसलं जायचं. आता टाइमलॅप्सवर ठेवलाय. सेकंदाला एकच फ्रेम, पण रात्रभर अखंड. गाडीच्या पुढून चालत जाणारा माणूस तीन-चार फ्रेममध्ये तरी येतोच. माझ्या वायपरशी खेळणारा पोरगा असाच सापडला: एका फ्रेममध्ये हात खिशात, दुसरीत वायपरवर. त्याच्या आईला दाखवलं, विषय मिटला. टाइमलॅप्समध्ये आवाज नसतो, त्याची मला तरी गरज पडली नाही.

फ्यूजबॉक्स

वायरिंगचं मी सांगतो, कारण सकाळी गाडी स्टार्ट न झालेले बरेच जण शेवटी आमच्याकडे येतात.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर कॅमेरा लावला तर बहुतेक गाड्यांत चावी काढली की तो बंद. पार्किंग मोडसाठी, म्हणजे उभ्या गाडीत रेकॉर्डिंग चालू राहण्यासाठी, हार्डवायर किट लागतं. त्यात तीन वायरी असतात: एक कायम चालू फ्यूजवर, एक चावी फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या फ्यूजवर आणि तिसरी अर्थिंगला, बॉडीच्या बोल्टवर. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

आता हिशेब. दोन कॅमेऱ्यांची जोडी साधारण ५ वॅट खाते, म्हणजे १२ व्होल्टवर ०.४ अँपिअर. २४ तासांत जवळजवळ १० अँपिअर-तास गेले. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल तर दोन दिवसांत निम्मी रिकामी, आणि स्टार्टरची बॅटरी इतकी खोल उतरवण्यासाठी बनवलेलीच नसते. किटमध्ये व्होल्टेज कट-ऑफ असतो: बॅटरी ठरलेल्या व्होल्टेजखाली उतरली की तो कॅमेरा बंद करतो. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, १२.२ ला ती निम्म्यावर आलेली असते. मी गिऱ्हाइकाला कट-ऑफ १२.२ वरच लावून देतो. ‘पण मग पहाटे कॅमेरा बंद पडतो’ ही तक्रार येते. येणारच! रोज पाच-दहा मिनिटं फिरणारी गाडी तेवढ्यात बॅटरी भरून काढत नाही. त्यांनी कॅमेऱ्यासाठी वेगळा बॅटरी पॅक घ्यावा, नाहीतर रडारवर जागा होणारा कॅमेरा बघावा. तो एरवी झोपलेला असतो, वीज फार कमी खातो.

उगाचच

माझं मत उलटं आहे. चालत्या कॅमेऱ्याचा लुकलुकणारा दिवा बघून टवाळखोर पोरं लांब राहत असतील, पण ज्याच्या मनात खुन्नस आहे तो टोपी ओढून बाजूने येतो. शिवाय काचेला चिकटलेली वस्तू पाहून काच फोडणारेही असतात. मी दिवा बंद केलाय आणि कॅमेरा आरशाच्या मागे सरकवलाय, बाहेरून सहज दिसत नाही. दुसरं म्हणजे ऊन. बंद गाडीत काचेजवळ ७० अंशांपर्यंत तापमान जातं. लिथियम बॅटरीवाला माझा जुना कॅमेरा असाच फुगला. आताच्यात बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) आहे, त्याला उन्हाचं इतकं वावडं नाही.

काचेमागे

@उगाचच, बाजूने येणाऱ्याबद्दल अनुमोदन. पुढचा-मागचा मिळूनही दारं आंधळीच राहतात. पण यावर आमच्याकडे एक फुकटचा इलाज निघाला. समोरच्या रांगेतल्या काकांच्या गाडीतही कॅमेरा आहे. आम्ही दोघं आता तोंडं समोरासमोर येतील अशाच गाड्या लावतो. त्यांच्या पुढच्या कॅमेऱ्यात माझी गाडी अख्खी दिसते, माझ्यात त्यांची. माझा आरसा तोडला गेला तेव्हा माझ्या दोन्ही कॅमेऱ्यांत फक्त एक खांदा होता. काकांच्या कॅमेऱ्यात पूर्ण माणूस, चेहऱ्यासकट. काकांनी स्वतः येऊन कार्ड हातात दिलं. ज्या बाजूला कुणाचाच कॅमेरा नाही ती बाजू मी भिंतीला लावतो.

मधलीसुट्टी

आमच्या आरशावर रोज ओरखडे आणि घाण. खालच्या मजल्यावरच्या मुलांवर संशय, दोन घरांत अबोला. टाइमलॅप्स पाहिला तर एक पक्षी आरशातल्या स्वतःवरच तुटून पडत होता. आता गाडी लावली की आरसे मिटतो. अबोला अजून आहे, पण त्याची कारणं वेगळी.

कागदोपत्री

पुढे तक्रार करायची असेल त्यांच्यासाठी. क्लिप सापडली की आधी कार्ड बाहेर काढा, लूप रेकॉर्डिंग (जुनं पुसून त्यावर नवं) कुणासाठी थांबत नाही. मूळ फाइल जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उतरवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाते, नंबर प्लेटचे आकडे तिथेच विरघळतात. घड्याळ तपासत राहा: बराच वेळ वीज तुटली की काही कॅमेरे तारीख विसरतात, आणि चुकीच्या तारखेची क्लिप म्हणजे समोरच्याला आयतं कोलीत. जीपीएसवाला कॅमेरा वेळ स्वतः जुळवून घेतो.

कायदा देशागणिक बदलतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की अखंड चित्रीकरण खासगीपणाच्या नियमांत बसत नाही, तरीही अपघाताच्या खटल्यात ते पुरावा म्हणून चालू शकतं. म्हणून आपल्या इथला नियम बघा. उभ्या गाडीत मायक्रोफोन बंदच ठेवा, शेजाऱ्यांच्या गप्पा आपल्याला कशाला हव्यात. आणि क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची घाई नको, त्यातून दुसरंच भांडण उभं राहतं.

रानवारा

@फ्यूजबॉक्स, रडारवाला जागा होईपर्यंत एखादा सेकंद जातो ना? तेवढ्यात ठोकणारा ठोकून मोकळा.

फ्यूजबॉक्स

धडकेच्या बाबतीत जातो, काही मॉडेलांत. पण रडार माणूस जवळ येतानाच जागं करतं, त्यामुळे चऱ्यासाठी तेच बरं. धडकेची भीती जास्त असेल तर बफर असलेला कॅमेरा घ्या, धक्क्याच्या आधीचे काही सेकंदही त्यात राहतात. तो सतत जागा असतो, म्हणजे वीज जास्त. दोन्ही एकत्र हवं असेल तर बॅटरी पॅकशिवाय गत्यंतर नाही.

आणि कुणी लिहिलं नाही म्हणून: साधं मेमरी कार्ड घालू नका. रात्रंदिवस लिहून ते लवकर मरतं आणि कॅमेरा चालू दिसत राहतो. हाय-एन्ड्युरन्स लिहिलेलं कार्ड घ्या आणि अधूनमधून एखादी क्लिप उघडून बघा.