मदत हवी आहे: उंदीर विसरलाय की नुसता सुस्तावलाय?

एम.फार्म.च्या प्रबंधासाठी विस्टार (प्रयोगशाळेतली एक जात) उंदरांवर काम करतेय. स्कोपोलामाइन या औषधाने स्मृती बिघडवायची आणि डोनेपेझिल या अल्झायमरवरच्या औषधाने ती सावरते का, हे मॉरिसच्या पाण्याच्या चक्रव्यूहात (पाण्याच्या गोल टाकीत पृष्ठभागाखाली लपवलेला प्लॅटफॉर्म उंदराने पोहत शोधायचा) बघायचं. डोनेपेझिल अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे अ‍ॅसिटिलकोलिन (मेंदूतलं स्मृतीशी जोडलेलं रसायन) तोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन जास्त टिकायला हवं. कागदावर सगळं सरळ! प्रत्यक्षात डोनेपेझिलचा गटही लपलेला प्लॅटफॉर्म शोधायला उशीर लावतोय, शिवाय पोहण्याचा वेगही कमी दिसतो. दोन-तीन महाशय तर भिंतीला धरून नुसते गोल फिरतात.

प्लॅटफॉर्मवर झेंडा लावून चाचणी घेतली तर विसर आणि सुस्ती वेगळी काढता येईल का? वेळेऐवजी पोहलेलं अंतर मोजू? प्रोब चाचणी (प्लॅटफॉर्म काढून उंदीर त्याची जागा शोधतो का ते बघणं) शेवटच्या सरावानंतर लगेच घ्यावी की २४ तासांनी? गाइड म्हणतात डोस कमी कर, पण आधी हे तपासावंसं वाटतं. कुणी केलंय का?