शेळ्यांच्या गोठ्यासाठी छोटं सोलर: पॅनेल घरावर बसवून वायर खाली न्यावी का?

कोयनाकाठची
नमस्कार. मी पाटण तालुक्यातली. आमचं घर डोंगरउतारावर आणि गोठा घरापासून ६० मीटर खाली. नऊ शेळ्या, एक गाय, एक कालवड. आजवर घरातूनच सर्व्हिस वायर झाडांवरून गोठ्यात नेलेली होती. मागच्या श्रावणात वाऱ्यानं फांदी पडली आणि वायर तुटून पायवाटेवर आली. पहाटे आत्याबाई धार काढायला निघाल्या होत्या. कुत्रं त्यांच्या पुढं चार पावलं होतं, ते जागीच गेलं. त्या दिवशी मी ती वायर उपसून काढली. तेव्हापासून आम्ही विजेरी दातात धरून धार काढतोय.

दोन बोकडं विकली, त्यातले १४,००० रुपये यासाठीच बाजूला ठेवलेत. मला हवं ते एवढंच: सकाळ-संध्याकाळ दोन दिवे, रात्रभर एक बारीक दिवा, एक मोबाइल आणि कधीमधी फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी चार्ज करायची. रात्रीचा दिवा हवाच. बिबट्या शिवारात फिरतो. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आहे, पण शेळ्या ओरडल्या तर दार उघडायच्या आधी आत काय आहे ते दिसायला हवं.

अडचण अशी की गोठ्यावर फणसाची गर्द सावली आहे आणि घराच्या कौलांवर दिवसभर ऊन. पॅनेल घरावर लावून वायर जमिनीतून खाली नेऊ का? कराडला एका दुकानात विचारलं तर म्हणाले, ट्रॅक्टरची बॅटरी घ्या, छोटा इन्व्हर्टर घ्या, घरचेच बल्ब चालतील. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते सांगता येईना.

विट्याचा वायरमन
ताई, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. आधी इन्व्हर्टरचं बोलतो. छोटा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, एकही बल्ब लावला नाही, तरी ५ ते १० वॅट खातो. रात्रभरात तो तुमच्या सगळ्या दिव्यांइतकी वीज स्वतःच पिऊन टाकील. १२ व्होल्टवर चालणारे डीसी एलईडी बल्ब घ्या, इन्व्हर्टर नकोच. फक्त त्यांचे होल्डर घरच्यांपेक्षा वेगळे बसवा किंवा लाल रंगानं खूण करा. डीसी बल्ब चुकून घरच्या होल्डरला गेला की फुटलाच.

ट्रॅक्टरची बॅटरी स्टार्टर फिरवायला केलेली असते. क्षणभर भरपूर करंट द्यायचा आणि लगेच परत भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. रोज रात्री अर्धी रिकामी करत राहिलात तर आतल्या प्लेटा लवकर खचतात. लेडचीच, म्हणजे शिसं-ॲसिडची घ्यायची तर सोलरची ट्यूबुलर घ्या, ती रोज रिकामी-भरती करायलाच केलेली असते.

तुमचा हिशोब मांडला. ७ वॅटचे दोन दिवे ४ तास म्हणजे ५६. ३ वॅटचा दिवा १० तास म्हणजे ३०. मोबाइल १५. रोजचे साधारण १०० वॅट-तास झाले. तीन दिवस ऊन नाही असं धरलं तर ३००. लेडची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ६०० ची हवी, म्हणजे १२ व्होल्ट ५० अँपिअर-तास.

आता वायर. १५० वॅटचं १२ व्होल्टवालं पॅनेल साधारण १८ व्होल्टला ८ अँपिअर देतं. ६० मीटर जाऊन-येऊन १२० मीटर तांब्याची वायर होते. ४ चौरस मिलिमीटरची धरली तरी वाटेत चार व्होल्टच्या वर पडतात. खाली पोचतात साडेतेरा, आणि बॅटरी पूर्ण भरायला १४.४ लागतात. म्हणजे पॅनेलची बरीच ताकद वाटेतच जाईल आणि भर उन्हातही ती पुरती भरायला उशीर लागेल. पॅनेल बॅटरीजवळ आणा.

जतचा बागायतदार
वायरमन दादांचं खरं आहे, पण दुसरा मार्ग सुचवतो. आमच्याकडं जुनी ३३० वॅटची मोठी पॅनेलं स्वस्तात मिळतात. ते ३७ व्होल्टला चालतं, त्यामुळं चार-पाच व्होल्ट वाटेत गेले तरी बिघडत नाही. मात्र त्याला एमपीपीटी कंट्रोलर लागतो, म्हणजे पॅनेलचा जास्तीचा व्होल्टेज बॅटरीला हवा तेवढा उतरवून देणारा चार्जिंगचा डबा. साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर, जो पॅनेल जवळजवळ थेट बॅटरीलाच जोडतो, हे पॅनेल लावू नका. लोड नसताना त्याचा व्होल्टेज ४५ पर्यंत चढतो, १२ व्होल्टचा स्वस्त कंट्रोलर जळेल.

आणखी एक. कुणी म्हणेल सौर पंपाच्या पॅनेलवरून एक फाटा काढा. ते मात्र अजिबात करू नका. तिथं पॅनेलं ओळीनं जोडलेली असतात, काहीशे व्होल्ट डीसी असतो. डीसीची ठिणगी सहज विझत नाही, आणि झटका जीवघेणा असतो.

कोयनाकाठची
दोघांचेही आभार. एमपीपीटी आणि १२० मीटर वायर यांचा भाव विचारला. वायरच पॅनेलपेक्षा महाग पडते. गोठ्याच्या खालच्या अंगाला १२ मीटरवर बांध आहे, तिथं सावली फक्त सकाळी आठपर्यंत असते. तिथं खांब रोवला तर? आणि फणसाची थोडी सावली कोपऱ्यावर आली तर किती फरक पडतो?

जावळीकर
ताई, बांधावरच लावा. कोपऱ्यावरची सावली दिसते तेवढी साधी नसते. पॅनेलमधले ३६ सेल माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. दोन-तीन सेल झाकले तरी अख्ख्या माळेचा प्रवाह आवळला जातो. आठनंतर मोकळं असेल तर चिंता नाही, सकाळच्या उन्हात तसाही दम नसतो.

मी तुमच्यासारखाच भरपावसातला माणूस, म्हणून आषाढाचं सांगतो. इथं पॅनेल उन्हाळ्यावर मोजायचं नाही. दाट ढग असले की ते आपल्या ताकदीच्या दहा ते वीस टक्के देतं. म्हणून १०० वॅटचं नको, १५० चंच घ्या. तोंड दक्षिणेला, उतार १५ अंश, म्हणजे दर मीटर लांबीला एक बाजू २६ सेंटीमीटर वर, वीतभराहून थोडी जास्त. याहून उभं करू नका. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. अगदी आडवंही ठेवू नका, शेवाळ धरतं.

बॅटरीबद्दल माझं मत वेगळं आहे. ५० अँपिअर-तासाची लेडची बॅटरी डोक्यावरून त्या उतारानं नेणार कोण? ॲसिड सांडलं तर? शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि गोठ्यात वर वैरण रचलेली असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-तासाची घ्या. चारेक किलोची असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, म्हणजे तुमचे तीन दिवस निघतात. कंट्रोलरवर लिथियमची सेटिंग आहे ना, एवढं बघून घ्या. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज टाका, ट्रॅक्टरच्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडं मिळतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट.

गोठ्यातल्या मुताच्या वाफेनं तांबं हिरवं पडतं. टर्मिनलला व्हॅसलीन लावा आणि पेटी दावणीपासून लांब, उंचावर ठेवा. सगळी वायर पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत.

कोयनाकाठची
जुलै संपत आला, म्हणून कळवते. मेमध्ये बसवलं. पॅनेल ५,२००, बॅटरी ७,०००, कंट्रोलर ९००, वायर १,१००, बल्ब आणि फ्यूज ६००. एकूण १४,८००. खांब घरच्याच जुन्या पाइपाचा, दोन फूट खोल काँक्रीटमध्ये. खड्डा मी आणि आत्याबाईंनी खणला.

या महिन्यात सलग सहा दिवस सूर्य दिसला नाही. दुपारी कंट्रोलरवर दीड अँपिअर दिसायचा, जोराचा पाऊस आला की अर्धा. पहिल्या सकाळी बॅटरी १३.२ होती, सहाव्या सकाळी १२.९. लिथियमचा व्होल्टेज बराच वेळ हलत नाही आणि शेवटी एकदम पडतो असं कळलं, म्हणून त्या रात्री मोबाइल लावला नाही आणि दोनपैकी एकच दिवा लावला. सातव्या दिवशी दोन तास उघडीप मिळाली आणि आकडा सावरला. रात्रीचा बारीक दिवा एकदाही विझला नाही.

फवारणीची बॅटरी उघडीप असेल त्याच दिवशी, अकरानंतर लावते. तसंही पावसात फवारणी होत नाही. वानरं पॅनेलवर बसायला लागली होती, म्हणून खांबाला बोरीच्या फांद्या बांधल्यात.

आता एकच विचारायचं आहे. भाद्रपदात भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. कुंपणाचं झटका मशीन याच बॅटरीवर लावू की तिची बॅटरी वेगळी ठेवू?

विट्याचा वायरमन
वेगळी ठेवा, ताई. मशीन वीज थोडीच खातं, पण कुंपणाला गवत टेकलं की खेच वाढते आणि ते रात्रभर चालणार. भाद्रपदातल्या पावसात दोन्ही एकाच बॅटरीवर टाकून गोठ्यात अंधार करून घेऊ नका. आणि मशीनची अर्थिंग गोठ्यापासून लांब, ओल्या जागेत घ्या. गाईला माणसापेक्षा कमी व्होल्टेजचा झटकाही जाणवतो.