चालू ॲम्पचे कंडेन्सर बदलायचे की नाही?

नौपाडकर: मामाने अमेरिकेहून आणलेला १९७२ चा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटारचा ॲम्प माझ्याकडे आहे. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, २२ वॉटचा. मेकॅनिकने मागची फळी काढली, टॉर्च मारला आणि काही न मोजताच म्हणाला, "पाचही फिल्टर कंडेन्सर बदला." म्हणजे वीजपुरवठा गाळून सपाट करणारे. का? तर जुने झालेत. अहो, जुना तर मीही झालोय! ॲम्प वाजतोय, थोडी गुणगुण आहे एवढंच. धडधाकट माल काढणं म्हणजे वाड्याचा सागवानी दरवाजा उखडून फ्लश डोअर बसवणं.

वाशी_सतरा: उपमा छान, पण चुकली. हे फिल्टर इलेक्ट्रोलिटिक जातीचे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून ओला असतो, ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये भिजवलेला कागद. वापरा नाहीतर नुसता ठेवा, तो वाळतोच. पंधरा-वीस वर्षांनंतर त्याचा भरवसा नाही. शॉर्ट झाला तर रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व्ह घेऊन जातो, नशीब फुटकं असेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मरही. दरवाजा कसला, टायर म्हणा. नक्षी शाबूत दिसते म्हणून १९७२ च्या टायरवर कसारा उतराल?

नौपाडकर: टायर बदलून गाडीचा आवाज बदलत नाही. इथे बदलतो.

वाशी_सतरा: बदलू दे की. वरच्या तारेवर सूर ओढून धरा. त्याच्याखाली एक बेसूर सावली ऐकू येते? फिल्टर दमले की वीजपुरवठ्यातले १०० हर्ट्झ सुरात मिसळतात. सिग्नलच्या वाटेवरचे फिल्मचे कंडेन्सर वेगळे. त्यांना कुणी हात लावला तर तुमच्या बाजूने भांडायला मीच येईन.

कळव्याची_गिटार: गुणगुण कुठल्या सुराची, हे कुणी विचारलंच नाही! सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट दाबा. तो जी, ९८ हर्ट्झचा. गुणगुण त्याला लागून असेल तर संशय फिल्टरवर. एक सप्तक खाली असेल तर ती ५० ची: अर्थिंग, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरी असलं काहीतरी. तेव्हा कंडेन्सर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. मी हेच करून बसले. नवे कंडेन्सर घातले, गुणगुण तशीच. शेवटी कळलं, आपली वीज अमेरिकन ॲम्पला झेपेल इतकी उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घुमारा देणाऱ्या रिव्हर्बच्या स्प्रिंगच्या डब्याला खेटून ठेवला होता. दोन फूट सरकवला, संपलं.

जुना_रेडिओवाला: काय हवं ते करा, पण स्वतः उघडणार असाल तर ऐका. प्लग काढल्यावरही आत चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची मर्दुमकी नको. रेझिस्टर लावून उतरवा, मीटरवर शून्य बघा, एक हात खिशात. १६ मायक्रोफॅरड क्षमतेचे नाही मिळाले तर २२ चालतात. ४७ चे कोंबू नका, चालू करताना रेक्टिफायर व्हॉल्व्हला पहिला घोट झेपत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाल तेव्हा ४५० व्होल्टच्या खालचं घेऊ नका. आणि आउटपुट व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणाऱ्या बायसचा छोटा कंडेन्सर! तो सगळे विसरतात. तो गेला की आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटी निखाऱ्यासारख्या लाल होतात.

नौपाडकर: ताईंचं ऐकून तार छेडली. गुणगुण जीच्या किंचित वर. म्हणजे फिल्टरच. रेडिओवाल्यांनी सांगितलं तसं व्होल्टेज उतरवून पत्र्याचं झाकण काढलं. पाचातल्या एकाच्या टोकाला पांढरट पापुद्रा आलाय, बाकी चार नव्यासारखे. तेवढा एक बदलतो.

वाशी_सतरा: एक? पाचही एकाच वयाचे आहेत, साहेब.

नौपाडकर: म्हणून तर चौघांना आधी मल्टिमीटरवर मोजणार. मेकॅनिकने मोजले असते तर मी इथे भांडायला आलोच नसतो.

वाशी_सतरा: मल्टिमीटर जेमतेम एक-दोन व्होल्टवर मोजतो, हे राबतात चारशेवर. गळती तिथे कळते.

नौपाडकर: हे मात्र मेकॅनिकने सांगायला हवं होतं. बरं, पाच घेतो. बायसचा धरून सहा. जुने डब्यात ठेवणार, कुणी हसलं तरी.

कळव्याची_गिटार: आणि स्टेपडाउन कुठे ठेवलाय?

नौपाडकर: ...ॲम्पच्या मागे. सरकवतो.